अबोल चित्रकाराचा बोलका ग्रंथ

चित्रकारावरील ग्रंथ हाती आला की आपण प्रथम चित्रांची पाने उलटतो आणि मजकुराकडे मागाहून वळतो. सतीश नाईक यांनी संपादित केलेला आणि ‘चिन्ह’ प्रकाशनाने २०१६ साली प्रसिद्ध केलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ आम्हीही असाच हाती घेतला आणि चित्रांपाशीच अडलो. त्यांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रंगाचा एक विस्तीर्ण पट आणि त्यावर तरंगणाऱ्या काही अनाम खुणा, एवढेच. हे चित्र वाचावे कसे, हा प्रश्न घेऊन आम्ही मजकुराकडे वळलो.

वासुदेव संतु गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे गोव्याचे, बालपण गिरगावातील चाळीत गेले. १९४८ साली त्यांनी सर ज. जी. कला महाविद्यालयाची पदविका घेतली. पुढे सूझा, रझा, हुसेन प्रभृतींच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी त्यांचा संबंध आला. १९५७ साली टोकियोतील प्रदर्शनात पारितोषिक, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे वास्तव्य, १९७१ साली पद्मश्री, असे मानसन्मान लाभले. परंतु दिल्लीला स्थायिक झालेला हा माणूस उत्तरोत्तर एकांतातच शिरत गेला. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे होत. २००१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातील किती सुशिक्षितांना त्यांचे नाव ठाऊक होते, हा प्रश्न मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

म्हणूनच या ग्रंथाचे पहिले श्रेय आम्ही भाषेला देतो. २०१३ साली मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले आणि दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. मग सर्वांना त्यांची आठवण झाली. ‘चिन्ह’ने मात्र ही वाट लिलावाच्या कितीतरी आधी धरली होती. बाजाराने किंमत ठरविण्यापूर्वी मोल ओळखणे हे संपादकाचे खरे कर्तव्य असते, आणि ते येथे मराठीतून पार पडले आहे.

तथापि गौरवग्रंथाची एक जन्मजात अडचण असते, ती येथेही जाणवते. सहवासात आलेली माणसे आठवणी सांगतात, तेव्हा माणसाचा स्वभाव उजळतो आणि काम सावलीत जाते. मितभाषी, एकटा, कोणाची पर्वा न करणारा अशी एक मूर्ती हळूहळू घडत जाते. आम्हांला भीती वाटते ती या मूर्तीची. अबोल माणसाची दंतकथा सहज होते आणि दंतकथा झाली की चित्र पाहण्याची गरज उरत नाही. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेही गायतोंडे यांना रुचत नसे. ती कशाचेच चित्रण करीत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते रूळ आणि सुरीने रंगाचे थर देत, खरवडून काढीत, कागदाचे फाटके कपटे दाबून उचलीत आणि पुन्हा थर देत. १९८४ साली अपघातात मानेला दुखापत झाल्यावर मोठे कॅनव्हास थांबले, तरी कागदावरील शाईची रेखाटने चालूच राहिली. झेन विचाराची त्यांना ओढ होती. परंतु त्या ओढीचा अर्थ शोधायचा तो या थरांत, त्यांच्या एकांताच्या किश्शांत नव्हे. या कामाविषयीचा मजकूर आम्हांला आणखी हवा होता.

दुसरी मर्यादा छपाईची. पुरुषभर उंचीचा कॅनव्हास पानावर वीतभर होतो. थरांमधून झिरपणारा प्रकाश कागदावर कसा यावा? पण आमचे चिखला हे तुमसर तालुक्यातील मॅंगनीजच्या खाणीचे गाव. मूळ चित्र पाहायचे तर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची वाट धरावी लागते. चित्रकार जन्मला ते नागपूर जवळ. त्याची चित्रे मात्र दूर. आमच्यासारख्यांना हा ग्रंथ हेच चित्रदालन होय.

एके सायंकाळी शेजारचे एक निवृत्त खाणकामगार आले. उघडे पान पाहून म्हणाले, “याच्यात त काहीच नाही दिसत जी.” आम्ही काही समजावून सांगितले नाही. चहा होईतो ते पाहतच राहिले. मग म्हणाले, “खाली दगडावर टोपीचा दिवा फिरवला का असंच दिसते. आधी काहीच नाही, मंग एक एक थर दिसत जाते.” आमच्या पानभर टिपणांपेक्षा हे वाक्य चित्राच्या अधिक जवळचे होते, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

आपल्या समाजात चित्र म्हटले की वेदीमागचा मुखवटा डोळ्यांपुढे येतो: संतांचा, मातेचा, क्रुसावरील प्रभूचा. मुद्रा नसलेले चित्र आपल्याला परके वाटते. पण मिस्सानंतर मेणबत्त्या विझलेल्या रिकाम्या चर्चमध्ये जो क्षणभर बसला आहे, त्याला मुद्रेवाचूनची शांतता अगदीच अपरिचित नाही. गायतोंडे यांची चित्रे धार्मिक नाहीत आणि त्यांना आपल्या श्रद्धेचा रंग देण्याचा आमचा हेतूही नाही. थांबून पाहण्याची जी सवय प्रार्थनेला लागते, तीच या चित्रांनाही लागते, एवढेच सुचवावयाचे आहे.

धर्मग्रामांच्या वाचनालयांनी हा ग्रंथ अवश्य घ्यावा. मात्र तो कपाटात कुलूपबंद न ठेवता मेजावर उघडा ठेवावा. वाचकांना आमची विनंती इतकीच, की रोज एकच पान पाहावे आणि आठवणी त्यानंतर वाचाव्यात.