पदरमोडीची पुस्तके

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्याकडे मराठीत अजून जरा कीव केल्यासारखेच पाहिले जाते. ‘प्रकाशक मिळाला नसेल’ हा शेरा पुस्तक उघडण्याआधीच तयार असतो. गंमत अशी, की ज्या कवितासंग्रहांवर रीतसर प्रकाशनसंस्थेचे नाव असते त्यांतल्याही पुष्कळांचा खर्च कवीनेच सोसलेला असतो. ‘इतक्या प्रती लेखकाने विकत घ्याव्यात’ अशा सोज्वळ भाषेत ते ठरते, इतकेच. पैसे लेखकाचे आणि नाव दुसऱ्याचे, या व्यवहारापेक्षा श्रेयपानावर ‘प्रकाशक : लेखक’ असे छापणारा माणूस मला सरळ वाटतो. पण सरळपणामुळे पुस्तक चांगले होत नाही. सध्या हाती येणारी स्वयंप्रकाशित पुस्तके पाहिली की वाटते, लेखकाने प्रकाशकाच्या कामांपैकी छपाईचे तेवढे उचलले आणि छपाईआधी कोणीतरी कठोरपणे वाचायचे असते, ते काम वाऱ्यावर सोडले.

पूर्वी असे नव्हते. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३मध्ये लिहून झाला. ‘दीनबंधू’ पत्राने त्याचा सुरुवातीचा भाग छापला आणि पुढे हात आखडता घेतला. परंतु त्याआधीच फुल्यांनी या ग्रंथातले भाग पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले होते, बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवले होते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोरच मजकूर वाचायचा, याहून कडक परीक्षा कोणती? आज प्रकाशनसमारंभाला सभागृह, शाल, श्रीफळ यांची तजवीज होते; हस्तलिखित चार जाणत्या माणसांसमोर वाचण्याची मात्र होत नाही.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचे उदाहरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस विभाग काढायला तयार प्रकाशक मिळणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी कंपनी काढली, तिचे भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवायला गावोगाव पायपीट केली. त्या सगळ्या खटाटोपाचा हिशेब त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडला. पुस्तक काढण्यापेक्षा त्याचा वाचक गोळा करणे अवघड असते, हे या विद्वानाला आजच्या पुष्कळ लेखकांपेक्षा लवकर उमगले होते.

मुंबईच्या लघुनियतकालिकवाल्यांनी हाच धडा कमी पैशांत गिरवला. सायक्लोस्टाइल केलेला ‘शब्द’, अशोक शहाणे यांचा ‘असो’ ही अंकांची मालिका दिसायला गरीब होती, पण तिच्यामागे एकमेकांचे लेखन निर्दयपणे वाचणारी टोळी होती. अरुण कोलटकर या टोळीतले. जाहिरात क्षेत्रात नावाजलेला हा चित्रकार आपल्या पुस्तकांच्या रूपाकडेही जातीने पाही. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत त्यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींची सहकारी संस्था उभारली. तिच्याकडून १९७६मध्ये ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली. पुढल्याच वर्षी शहाण्यांच्या ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला. ‘भिजकी वही’ आली २००३मध्ये, तीही ‘प्रास’चीच. कवी आणि प्रकाशक हे दोघेही मित्र, दोघेही हट्टी, दोघांनाही पानावरची मोकळी जागा मजकुराइतकीच मोलाची. याला स्वयंप्रकाशन म्हणायचे की नाही यावर वाद घालता येईल. मला वाटते, स्वयंप्रकाशन चांगले कसे होते हे पाहायचे असेल तर इथेच पाहावे.

आता आजचे पान उघडू. मुखपृष्ठ बहुधा झगमगीत असते: सूर्यास्त, पाठमोरी स्त्री, उडणारे पक्षी, वर सोनेरी अक्षरे. आत मात्र पहिल्याच ओळीत ठेच लागते. ‘दुसऱ्या’ ऐवजी ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’ ऐवजी ‘वार्यावर’. श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक व्यवस्थेतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना अर्धा र हरवतो, आणि मुद्रितशोधन नसले की तो हरवलेलाच राहतो. मग ल आणि श. शासनाने २००९च्या निर्णयात मराठीचा ल आणि श कसे लिहावेत ते ठरवून दिले. पण संगणकात सहज सापडणारे बरेच फॉन्ट हिंदी वळणाचेच ल-श दाखवतात. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघर पोचला आणि पुस्तकातही शिरला. तो पडद्यासाठी होता, दोनशे पाने वाचण्यासाठी नव्हे. एक टाइपचा ‘मुक्त’, किंवा मराठी वळण जपणारा ‘टिरो देवनागरी मराठी’ फुकट मिळतात. शोधायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणी देत नाही.

त्याहून मोठा गुन्हा ओळींमधल्या अंतराचा. देवनागरीला शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय अशी दोन्ही बाजूंना जागा लागते. रोमन लिपीला पुरणारे अंतर तसेच ठेवले की वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या रफारावर येऊन बसतो. डोळा अडखळतो, वाचक पुस्तक मिटतो आणि लेखकाला वाटते, मराठी माणूस वाचत नाही!

याला अंकगणितही जबाबदार आहे. डेमी आकारात एक फॉर्मा सोळा पानांचा. १९२ पाने म्हणजे बरोबर बारा फॉर्मे. मजकूर १९६ पानांवर गेला की मुद्रक सांगतो, ‘चार पानं वाढली, खर्च वाढेल.’ तेव्हा लेखक काय करतो? तिसरी प्रस्तावना काढत नाही. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मनोगत, दोन शुभेच्छापत्रे यांतले काही काढत नाही. टाइप एक पॉइंट बारीक करतो, समास कापतो. शिवणीजवळचा समास कापला की परफेक्ट बाइंडिंगचे पुस्तक उघडे धरायला दोन्ही हात लागतात, आणि ताणून उघडले की पाने सुटू लागतात. ज्याने एकदा तरी स्वतःचे पुस्तक प्रवासात वाचून पाहिले, तो ही चूक करणार नाही.

स्वतःचे पुस्तक काढण्याच्या गरजेवर एक धंदा उभा राहिला आहे, तो म्हणजे पॅकेजचा. टंकलेखन, मांडणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री, सगळे एका रकमेत. त्यातला आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, हे पॅकेजवाला सांगत नाही. ‘संपादन’ या सदराखाली बहुतेक वेळा शुद्धलेखन तपासणे येते, तेही वरवर. श्री. पु. भागवतांनी ‘मौज’मध्ये लेखकाच्या हस्तलिखितावर जे केले, त्याला पैशांत भाव करता येत नव्हता, हे मान्य. पण परिच्छेद कोणता काढायचा, कोणती कविता नुसती कौतुकाची आहे, आठवणींतला कोणता मामा वाचकाला नको आहे, इतके सांगणारा जाणकार पैसे देऊन मिळतो. मांडणीकाराला देतो त्याच्या निम्मे तरी लेखकाने त्याला द्यावेत.

आणि तरीही मला स्वयंप्रकाशनाची सरसकट निंदा करवत नाही, याचे कारण एक उपेक्षित प्रकार: कुलवृत्तांत. समीक्षक त्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पण घराण्याचे मंडळ आगाऊ वर्गणी जमवते, माहितीचे छापील तक्ते पाठवते, मूळ गावाच्या देवळापासून परदेशातल्या नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या नोंदी गोळा करते. केतकरांची वर्गणीदारांची युक्ती इथे जिवंत आहे. वाचक आधीच ठाऊक असल्याने प्रती किती छापायच्या ते कळते. नाव चुकले तर चुलत घराण्यातून फोन येतो, म्हणून मुद्रितशोधनही झटून होते. गावाचे इतिहास, गडकिल्ल्यांच्या वाटांची पुस्तके, एखाद्या तालुक्यातल्या ओव्यांचे संग्रह यांतही असे जपून केलेले काम भेटते. कवितासंग्रहांत क्वचित.

अशा जपून केलेल्या पुस्तकांना शेवटी शुद्धिपत्रक असते, आणि पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त्या खरोखर होतात. मागणीनुसार छपाईत तर आवृत्ती संपायची वाट पाहायलाही नको. फाइल सुधारून चढवली की पुढची प्रत शुद्ध निघते. पूर्वीच्या प्रकाशकाला ही सोय नव्हती, तो हजार प्रती संपेपर्यंत चूक सांभाळत बसे. आजच्या लेखकाकडे ती आहे. पण वर्षभरापूर्वी ‘दुसर्या’ छापलेल्या पुस्तकाची आज मागवलेली प्रतही बहुधा ‘दुसर्या’ घेऊनच येते.