गोष्टीवाचूनची चित्रं

राजाची स्वारी निघाली आहे. त्याचे केस एवढे लांब, की ते लोळू नयेत म्हणून चार हुजरे उचलून चालले आहेत. पुढे पऱ्या फुलं उधळताहेत. मागे पक्षी, फुलपाखरं, नाना जातींची वनभुतं. रिचर्ड डॉइलच्या ‘इन फेअरीलँड’ या पुस्तकातलं हे चित्र. एरवी हुजऱ्यांच्या हाती राजवस्त्राचा घोळ असतो; डॉइलने तिथे केस दिले, बाकी दरबारी रिवाजाला धक्का लावला नाही. गंमत आहे ती त्या गांभीर्यात.

हा डोळा व्यंगचित्रकाराचा. वडील जॉन डॉइल राजकीय व्यंगचित्रकार. रिचर्ड स्वतः ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात. तिथल्या पोपवरच्या टीकेने दुखावलेल्या या कॅथलिकाने १८५० मध्ये ‘पंच’ सोडलं, पण त्याने काढलेलं मुखपृष्ठ त्या साप्ताहिकाने पुढे शंभरावर वर्षं मिरवलं.

दुसऱ्या एका चित्रात परीराणी हवा खायला निघाली आहे. गाडीला बारा फुलपाखरं जुंपलेली, आणि मथळा सांगतो की ती जातिवंत आहेत! चार घोड्यांची गाडी स्वतः हाकण्याची ऐट तेव्हा लंडनच्या हौशी श्रीमंतांत होती; तिचीच ही थट्टा. मथळ्याचा सूर मात्र राजवाड्याच्या बातमीपत्राचा. डॉइलच्या पऱ्या हळव्या नाहीतच. त्याचे बुटके (एल्फ) फुलपाखराला छळतात, भुंग्याला दचकवतात. लहान मुलांइतकेच निर्दय.

मूळ जलरंगांची तरलता छापताना थोडी हरवली असणारच. मुद्रक एडमंड इव्हान्सने लाकडी ठशांवरून एकेक रंग चढवत पुस्तकातली सोळा मोठी रंगीत पानं छापली. बारकाईने पाहिलं तर सावलीच्या जागी कोरीव रेघांची जाळी दिसते. मला ती खटकत नाही. पानाफांद्यांच्या गर्दीला तिने धार येते.

१८६९ च्या नाताळात (पुस्तकावर साल १८७०) ही चित्रं विल्यम ॲलिंगहॅमच्या कवितेसह आली. पण कविता आपल्या वाटेने जाते, चित्रं आपल्या. डॉइल १८८३ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी अँड्र्यू लँगने तीच चित्रं कापून, क्रम बदलून ‘द प्रिन्सेस नोबडी’ ही परीकथा त्यांभोवती रचली. कथा चतुर आहे, मुलांना आवडेलही. पण तिच्यात प्रत्येक बुटक्याला काहीतरी कामगिरी मिळते, आणि डॉइलचे बुटके तर निव्वळ उनाड. मी ॲलिंगहॅमची पानंही भरभर उलटतो; रेंगाळतो ते मथळ्यांपाशी.