'टॅसिट' शब्द आणि मौनाचा पुरावा

इंग्रजी इतिहासग्रंथांत 'टॅसिट अंडरस्टँडिंग' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्याचें मराठी रूपांतर कोणी 'मूकसंमति' असें करितात, तर कोणी 'गुप्त करार' असें. हे दोन्ही पर्याय सदोष असून त्यांमुळें इतिहासाचा विपर्यास होतो, असें आमचें नम्र मत आहे.

'टॅसिट' हा शब्द मौनवाचक लॅटिन धातूपासून निघाला आहे. आपला 'तूष्णीम्' त्याच्या अर्थाच्या जवळचा. परंतु नुसतें मौन म्हणजे समजूत नव्हे. संमति एकट्या पक्षाची असूं शकते; समजुतीस दोन पक्ष लागतात. गुप्त करारांत शब्द असतात, ते केवळ लपविलेले असतात. येथें शब्दच नसतात. मग अशी समजूत सिद्ध कशी करावी? मीमांसकांचें अर्थापत्ति हें प्रमाण येथें उपयोगी पडतें. दिवसा न जेवणारा देवदत्त पुष्ट दिसतो, त्याअर्थीं तो रात्रीं जेवत असला पाहिजे. मात्र त्या पुष्टतेची उपपत्ति अन्य कारणानें लागत असेल, तर ही कल्पना टिकत नाहीं.

१८०३ च्या युद्धांत शिंदे व भोसले इंग्रजांशीं लढत असतां यशवंतराव होळकर अलिप्त राहिले. या अलिप्ततेस इंग्रजांशीं झालेली 'टॅसिट' समजूत म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. आक्टोबर १८०२ मध्येंच होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला होता. त्या वैरानें अलिप्ततेची उपपत्ति पुरेशी लागते. शिवाय १८०४ मध्यें तेच होळकर इंग्रजांशीं लढले. सबब येथें तो शब्द योजणें म्हणजे पुराव्यावांचून एका पुरुषास दोष लावणें होय.

याउलट १७ डिसेंबर १८०३ चा देवगांवचा तह पाहावा. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनीं सोडला, हें तेथें शब्दांनींच नमूद आहे. आमचें नाचणगांव नदीच्या पूर्वेस, म्हणून तें नागपूरकरांकडे राहिलें. हें जाणण्यास कोणाचें मौन वाचावें लागत नाहीं.

आमची सूचना अशी कीं, या शब्दास 'अनुक्त समजूत' म्हणावें, आणि दोन्ही पक्षांचें परस्परानुकूल आचरण दाखवितां येईल तेथेंच तो योजावा. एरवीं 'अमुक स्वस्थ बसले' एवढेंच लिहून थांबणें हें इतिहासकारास अधिक शोभतें.