नलीचा आवाज

शालेय स्नेहसंमेलनातील नाटिका बहुधा उपदेशाने संपते. मुले टाळ्या वाजवितात व उपदेश विसरतात. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेचे ‘नली’ हे एकलनाट्य निराळी वाट दाखविते. श्रीकांत देशमुख यांच्या व्यक्तिचित्राचे शंभू पाटील यांनी केलेले हे नाट्यरूप हर्षल पाटील एकट्याने उभे करतात. पुरुष नट मुलीचे बोलणे बोलतो, तेव्हा प्रेक्षकांतील मुलगा क्षणभर तिच्या जागी जातो. परस्पर आदराचा पहिला धडा तो हाच.

मात्र नली आपणांस पुरुषाच्या आठवणीतूनच भेटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धुळे जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. म्हणूनच प्रयोगानंतर मुलींना विचारावे: नली स्वतः काय म्हणाली असती? तो प्रवेश मुलींनी लिहावा, मुलांनी ऐकावा.