'स्मृतिचित्रे'तील धर्मांतर : प्रतिकूलतेचा पुनर्विचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयीच्या समीक्षेत प्रांजळपणा आणि विनोद या दोन गुणांची चर्चा प्रामुख्याने आढळते. ती योग्यच आहे. परंतु प्रतिकूल समाजात ख्रिस्ती श्रद्धा जगणे म्हणजे काय, हा या आत्मचरित्राचा गाभ्याचा प्रश्न तीत मागे पडतो.

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८४) शेजारी ठेवल्यास हे ध्यानात येते. पदमनजींचा प्रवास वाचनाचा, वादाचा आणि संशयाचा आहे. विरोधक त्यांच्यासमोर उभे आहेत. 'स्मृतिचित्रे'त मात्र विरोधकांची बाजू खुद्द निवेदिकेने जगलेली आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना परके मानणाऱ्यांत त्यांची पत्नीही होती. ताटातुटीनंतर ती नगरला आली तरी सोवळे सुटले नव्हते. त्यामुळेच या ग्रंथातील सोयरेधायरे खलनायक होत नाहीत. त्यांचा आक्रोश कोठून येतो हे लेखिकेला ठाऊक आहे. तिच्या स्वतःच्या परिवर्तनाचा क्रमही अर्थपूर्ण आहे. आधी जातिभेद सुटला, हातचे खाण्यापिण्याचा विधिनिषेध गेला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. धर्मशास्त्रीय वाद तिच्यापुरता पाण्याच्या घागरीपाशी निकालात निघाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

टिळकांना दुसरीही प्रतिकूलता भोगावी लागली, ती स्वकीय मंडळीतली. मिशनचा विदेशी साज त्यांना रुचला नाही. अभंग-कीर्तनाच्या वळणाने ख्रिस्त सांगणारा हा कवी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीतून बाहेर पडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारू लागला. (मोरोपंतांच्या बारामती परिसरातील अध्यापकांना 'ख्रिस्तायना'ची ओवी परकी वाटण्याचे कारण नाही, तरी ती आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येते.)

तथापि, ग्रंथाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. धर्मांतराने टिळक दांपत्याचे जे गेले, ते मुळात त्यांच्याजवळ होते : जातीतील स्थान, पंगतीतला पाट, माहेरचा उंबरा. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले होते. त्यांच्या बाबतीत बहिष्कार धर्मांतराच्या कितीतरी आधीपासून होता, आणि धर्म बदलल्याने तो संपलाही नाही. पुढे १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती मात्र वगळलेलेच राहिले. लक्ष्मीबाई या शेजाऱ्यांविषयी ममत्वाने लिहितात, स्वतःच्या शिवाशिवीवर हसतात. पण त्या हसण्यात पाणी कोणाचे घ्यावे हे ठरविणारी व्यक्ती बोलते. ज्याच्या हातचे पाणी नाकारले गेले, त्याचे निवेदन या ग्रंथाबाहेरच शोधावे लागते.