डिलनबुवांचा उत्तररंग

गवई फार थोडे गातो म्हणून रसिक हळहळतात. तो फार गातो म्हणून हळहळण्याची पाळी क्वचितच येते. अमेरिकेच्या लोकगीतपरंपरेतून पुढे आलेले गीतकार-गायक बॉब डिलन यांनी ती आमच्यावर आणली आहे. त्यांचा जन्म 1941 चा, पहिला गीतसंग्रह 1962 चा, आणि 2020 साली आलेला ‘रफ अँड राउडी वेज’ हा एकोणचाळिसावा. पूर्वी बाजूला टाकलेल्या गाण्यांचे जे खंड 1991 पासून निघत आले, ते यात धरलेले नाहीत. 2024 साली तर त्यांच्या 1974 च्या दौऱ्यातील मैफली 27 तबकड्यांत प्रसिद्ध झाल्या. ध्वनिमुद्रणे 431, आणि गाणी पुष्कळशी तीच ती! बुवा रोज तेच गाणे निराळे गातात, असे भक्तमंडळी सांगतात. काकड आरती आमच्याकडेही रोज होते, पण तिच्या 27 तबकड्या काढण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

2012 नंतर आठ वर्षे बुवांनी स्वतःचे नवे काही दिले नव्हते. म्हणून ते गप्प होते असे मात्र नव्हे. या काळात त्यांनी दुसऱ्यांची जुनी 52 गाणी पाच तबकड्यांत गाऊन टाकली आणि 2016 चे नोबेल पारितोषिकही मिळवले. त्या पारितोषिकाचे व्याख्यान सहा महिन्यांची मुदत संपत आली तेव्हा, 2017 च्या जूनमध्ये, त्यांनी पाठवले. गृहपाठाची वही शेवटच्या तासाला देणारा विद्यार्थी आम्हांस त्यांच्यात दिसला व ते अधिक जवळचे वाटले.

मग 27 मार्च 2020 रोजी ‘मर्डर मोस्ट फाउल’ हे जवळजवळ 17 मिनिटांचे गीत अवचित आले. आम्ही टाळेबंदीत घरी होतो, दळण आणायला बाहेर पडण्याचीही चोरी होती. तेव्हा वेळेची सबब सांगता येईना. विषय 1963 मधील केनेडींच्या हत्येचा. पियानो व व्हायोलिन तरंगत राहतात, तालवाद्य असून नसल्यासारखे, आणि बुवा गातात की सांगतात याचा निर्णय होत नाही. ठेका धरायला उचललेला आमचा हात मांडीवर तसाच राहिला. विनोद असा, की बिलबोर्डच्या गाण्यांच्या कोणत्याही यादीत स्वतःच्या नावाने पहिला क्रमांक त्यांना मिळाला तो या गाण्याने, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

संग्रहातील इतर नऊ गीतांपैकी ‘फॉल्स प्रॉफेट’ आणि ‘क्रॉसिंग द रुबिकॉन’ यांत बुवा दम देतात. पलंगावरच्या आजोबांनी काठी आपटून दिलेल्या दमासारखे ते वाटतात; घरची मंडळी हो म्हणतात आणि चहा ठेवायला जातात. दुसरे गीत तर निम्म्यावर थांबते तरी चालले असते. ‘फॉल्स प्रॉफेट’ची चाल बिली इमर्सन यांच्या 1954 च्या गाण्यावरून उचलल्याचे जाणकारांनी लगोलग दाखवून दिले. उसन्या चालीचे आम्हा सीमाभागातील मंडळींना नवल नाही. आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे प्रचलित चालींवरच बांधली. मात्र छापील संगीत नाटकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ पदाचा उल्लेख करण्याची रीत होती. डिलनबुवांनी श्रेय एकट्याच्या नावावर ठेवले, आणि ही गोष्ट आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही. ‘माय ओन व्हर्जन ऑफ यू’ या गीताचा नायक ठिकठिकाणचे अवयव गोळा करून माणूस घडवू पाहतो. कबुलीजबाब हवा असेल त्याने तिथे शोधावा.

‘की वेस्ट’ हे दीर्घ गीत मात्र निर्विवाद सुंदर. पेटीच्याच जातीचे ॲकॉर्डियन त्यात असे मंद वाजते की म्हाताऱ्या आवाजातील खरखर हीच समुद्राची गाज वाटू लागते.

पण आम्ही परत जातो ते त्या 17 मिनिटांच्या गाण्याकडे. कीर्तनात आधी निरूपण, मग आख्यान; इथे आख्यान आधी आणि मागाहून नामावळी. बुवा वुल्फमन जॅक या रेडिओ निवेदकाला फर्माईशी सांगत सुटतात. हे लाव, ते लाव. चार्ली पार्कर, नॅट किंग कोल, मूकपटातला बस्टर कीटनसुद्धा. बेथोव्हनचा ‘मूनलाइट सोनाटा’ काळी एकचा, तो ते काळी तीनमध्ये मागतात. प्रथम ऐकताना आम्ही यादीला हसलो आणि पेटीवाल्याची कीव केली.

दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानात आले, की तो निवेदक 1995 सालीच वारला आहे. फर्माईश जिथे जाते तिथे ऐकायला कोणी नाही, आणि हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. आमच्या घरांतील म्हातारी माणसे सांज झाली की बालगंधर्व, केशवराव भोसले, हिराबाई अशी नावे घेत. कधी पद आठवे, कधी नुसते नाव. ज्या मंडळ्या पुन्हा आपल्या गावी येणार नव्हत्या, त्यांची नावे ते कोणाला ऐकवत होते? आम्ही तेव्हा ‘हो हो’ म्हणून अभ्यासाला बसत असू.

डिलनबुवांच्या यादीतील अखेरची फर्माईश याच गाण्याची आहे. आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून लावले. दळणाची गिरणी तशीही बंदच होती.