फटफटीचे वाङ्मय

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला नसेल, तोच माझा पुतण्या पुस्तकांचा एक गठ्ठा काखोटीला मारून दारात उभा राहिला. त्याला येत्या उन्हाळ्यात मोटारसायकलवरून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायचे आहे. तेही डांबरी सडक शक्य तेवढी टाळून, कुंझुम खिंडीच्या बाजूच्या कच्च्या वाटेने. पठ्ठ्याने पस्तिशी ओलांडली आहे, पण आमच्या घरात आईचा होकार असल्यावाचून असल्या गोष्टी होत नाहीत, आणि आईने तर साफ नकार दिला आहे. वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, आज हयात नाहीत. तेव्हा रदबदलीचे काम माझ्याकडे आले. "काका, आईला तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "पण आधी एवढे वाचा. म्हणजे माणसे अशी का जातात ते तुम्हाला कळेल."

मी आयुष्यभर मराठी शिकवले. काम करून घेण्यासाठी पुस्तके पुढे करावीत, याहून मोठी लाच माझ्यासारख्याला दुसरी नाही. कोजागिरीपर्यंत मी वाचत होतो. त्यामुळे हा लेख म्हणजे एका परीने वहिनींना द्यावयाचा माझा अहवालच आहे. फराळाची बशी हातात आहे तोवर वाचकांनीही तो ऐकून घ्यावा.

माझ्या मनात एक अढी होती, ती प्रथम सांगून टाकतो. आमचे दादा गुरांचे डॉक्टर होते. शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ते आपली राजदूत घेऊन हिंडत. गावातली पोरे तिला फटफटी म्हणत, आणि मला अजूनही तोच शब्द आवडतो, कारण त्यात यंत्राच्या आधी आवाज ऐकू येतो. वैशाखात घोटाभर फुफाटा आणि श्रावणात गुडघाभर चिखल, असा तो रस्ता होता. १९८१ साली श्रावणातल्या एका रात्री कुणाची तरी गाय अडली म्हणून दादा निघाले आणि उतारावर घसरले. फटफटी पायावर पडली. चौघांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून सडकेपर्यंत आणले. पाय वाचला, पण दादा जन्मभर लंगडत चालले. त्या रस्त्याला त्यांनी कधी साहस म्हटले नाही. ते त्याला 'माझा एरिया' म्हणत. म्हणून, ज्यांच्या दारात डांबर आले आहे ती माणसे पैसे खर्चून धूळ शोधायला निघाली, की माझ्या मनात प्रश्न येतो, की हा रस्ता मुळात कोणाचा? हे वाङ्मय मी वाचले ते हा प्रश्न मनात ठेवूनच.

न्यायाने बोलायचे तर, या छंदाचा आनंद खोटा नाही. कच्च्या रस्त्याला स्वतःचे व्याकरण आहे. तेथे बसून चालत नाही. पावठ्यांवर उभे राहावे लागते, गुडघ्यांनी टाकी आवळावी लागते, आणि हातांची पकड मात्र सैल ठेवावी लागते, म्हणजे खड्डे गाडी खाते आणि अंग वाचते. वाळू लागली की नवशिका घाबरून वेग सोडतो, तसे पुढचे चाक रुतते आणि स्वार आडवा होतो. जाणता नजर लांब ठेवतो, वजन मागे घेतो आणि इंजिनाचा जोर टिकवतो. चाकांतली थोडी हवा सोडली, तर टायर पसरून जमीन धरतो. कुठे कुठे मुरमाड रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. त्या लाटा कुणी पाडलेल्या नसतात, सैल जमिनीवरून जाणारी चाकेच त्या उठवतात. डांबरी सडकेवर मन परगावी गेले तरी गाडी चालते. कच्च्या रस्त्यावर मन आणि चाक एकाच जागी असावे लागते. ही एकाग्रता ज्या लेखकाच्या वाक्यांत उतरते, त्याला मी पहिला गुण देतो.

गठ्ठ्यातले सर्वांत जुने पुस्तक रॉबर्ट एडिसन फुल्टन या अमेरिकन तरुणाचे. १९३२ साली लंडनमध्ये एका मेजवानीत एका बाईंनी त्याला विचारले, की आता घरी परत जाणार ना? गड्याने ऐट मारली, की छे, मी मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणार आहे! टेबलाशी डग्लस मोटारसायकलींच्या कारखान्याचे चालक बसले होते. त्यांनी तिथल्या तिथे गाडी देऊ केली. आता माघार कशी घ्यायची? सुमारे दीड वर्षात चाळीस हजार मैल हिंडून तो परतला. वाटेत आपला हिंदुस्थानही त्याने पाहिला. १९३७ साली त्याचे 'वन मॅन कॅरव्हॅन' प्रसिद्ध झाले. पुस्तक खेळकर आहे, माणसांविषयीचे कुतूहल निर्मळ आहे. परंतु मेजवानीतला तो थट्टेचा सूर शेवटपर्यंत सुटत नाही. जाता जाता आठवण करून देतो, की त्याच्या नऊ वर्षे आधी, १९२३ साली, मुंबईचे सहा पारशी तरुण साध्या सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते, आणि त्यांतल्या तिघांनी १९२८ मध्ये ती पुरीही केली. त्यांना इंजिन नव्हते, पायच होते. आपल्या घरांत हे कितीजणांना ठाऊक आहे?

दुसरे पुस्तक सर्वांत गाजलेले, रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. एकशे एकवीस प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक १९७४ साली निघाले आणि लाखोंनी खपले. १९६८ साली आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून पिर्सिग मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेले. हमरस्ता टाळून आडरस्ते धरण्याचे जे सुख, त्याचे वर्णन त्यांच्याइतके नेमके कोणी केलेले नाही. मोटारीच्या काचेतून दिसते ते चित्र; फटफटीवर आपण चित्रातच असतो, हा त्यांचा मुद्दा कोणालाही पटावा. हँडल सैल झाले म्हणून बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालू या असे ते मित्राला सुचवतात, आणि आपल्या महागड्या गाडीला डब्याचा पत्रा लावायचा या कल्पनेनेच तो मित्र दुखावतो, हा प्रसंग तर नामी आहे. पुढे मात्र तत्त्वज्ञानाची प्रवचने लांबत जातात. पिर्सिग यांनी काही काळ काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातही तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. पण काशीहून आलेल्या माणसाला थांबावे कुठे हे कळतेच असे नाही! मला हलवले ते शेवटाकडच्या एका साध्या गोष्टीने. मुलगा पावठ्यांवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पुढचा रस्ता दिसतो. तोवर एवढ्या मैलांत त्याला दिसत होती ती बापाची पाठ. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ पुतण्याचा विचार करीत बसलो.

आता अर्नेस्तो गेव्हारा. पुढे 'चे' म्हणून जगभर गाजलेला हा तरुण १९५२ च्या जानेवारीत वैद्यकीचा विद्यार्थी होता. आपला मित्र आल्बेर्तो ग्रानादो याच्या जुन्या नॉर्टन गाडीवरून तो अर्जेंटिनातून निघाला. गाडीचे नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलशाली. बलशालीची खरी अवस्था अशी, की पातागोनियाच्या वाऱ्यात आणि रेतीत ती पुनःपुन्हा आडवी होई आणि ग्रानादो तिला तारेने बांधून उभी करी. चिलीत तिने कायमचे अंग टाकले. आणि माझे मत असे, की पुस्तक खरे सुरू होते ते तेथून. गाडी होती तोवर हे दोघे लोकांना तमाशा दाखवणारे पाहुणे होते. गाडी गेल्यावर ते लोकांच्या ट्रकमध्ये मागे बसणारे दोन भणंग झाले. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना थंडीच्या रात्री त्यांना कामाच्या शोधात निघालेले एक मजूर जोडपे भेटते. दोघांजवळ पांघरूण नव्हते. कोणाचे पांघरूण कोणाच्या अंगावर गेले, हे सांगताना लेखकाचा टवाळखोर सूर एकाएकी बदलतो. पुढे त्या तरुणाने जे राजकारण केले त्याविषयी मतभेद असोत; परंतु यंत्र मोडल्यावर माणूस दिसू लागतो, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. २००४ साली यावर वॉल्टर सालेस यांनी चित्रपट काढला, तोही पाहण्यासारखा आहे.

टेड सायमन मला सर्वांत जवळचा वाटला. १९७३ साली तो ट्रायम्फ गाडीवर लंडनहून निघाला आणि चार वर्षांनी परतला. 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' हे नावदेखील हिंदुस्थानातल्या एका भविष्यवेत्त्याच्या बोलण्यावरून आलेले. सुदानात अटबारापासून कसालाकडे जाताना तो वाळूत कितीदा पडतो, आणि भरल्या ओझ्याची गाडी कितीदा उचलतो! पण शौर्याचा आव नाही. प्रवासातले अडथळे हाच खरा प्रवास, हे त्याला हळूहळू उमगत जाते, आणि आपल्यालाही त्याच्याबरोबर उमगते. भीती वाटली तर वाटली असे तो लिहितो. एखाद्या माणसाविषयी आपला ग्रह चुकला, तर तसेही लिहितो. सत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ मध्ये, तो पुन्हा त्याच वाटेने निघाला. जुनी गावे शोधणाऱ्या म्हाताऱ्याची ती हुरहूर माझ्या वयाच्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शेवटी ती चित्रमालिका, 'लाँग वे राउंड'. २००४ साली यूअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले. जगभरच्या तरुणांना हे वेड लागले त्यात तिचा वाटा मोठा. अवजड जर्मन गाड्या, सोबत कॅमेरावाला, दिमतीला मोटारी. एवढा सरंजाम असल्यावर ते साहस की वरात, अशी शंका मला आली. पण मंगोलियाच्या चिखलाने वरात उधळून लावली. कॅमेरावाल्याची जर्मन गाडी मोडली, तेव्हा तिकडची एक लाल, साधी रशियन फटफटी विकत घ्यावी लागली. तीही बिघडे, पण वाटेतल्या कोणालाही ती दुरुस्त करता येई! हा धडा कोणत्याही निरूपणापेक्षा मोलाचा. पुढे सैबेरियातला कोलिमाचा रस्ता येतो. तो स्टालिनच्या छळछावण्यांतील कैद्यांकडून बांधून घेतला गेला. त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. तेथे नद्यांना उतार मिळेना, तेव्हा ट्रकवाल्यांनी गाड्या पलीकडे नेल्या. ज्या रस्त्याखाली इतकी माणसे गेली, त्यावर चिखलाची मौज करणे मला जड वाटले. मालिका तेथे क्षणभर गंभीर होते, आणि पुढे जाते. मला वाटते, तिने आणखी थांबायला हवे होते.

हे सारे वाचताना मला आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडश्यांची आठवण होत राहिली. १८५७ च्या धामधुमीत ते पायी उत्तरेकडे गेले ते दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज फेडावे म्हणून. झाशीचा कहर डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि आणली ती गंगेची कावड. 'माझा प्रवास' लिहिताना आपण साहस करीत होतो असे त्यांच्या गावीही नाही. म्हणूनच की काय, वाटेत ज्याने पाणी दिले, ज्याने ओसरी दिली, तो माणूस त्यांच्या लेखी देखाव्याचा भाग होत नाही. स्वतःही त्यांच्यासारखाच अडलेला माणूस तो देखावा कसा करील?

तेव्हा या वाङ्मयाची माझी कसोटी एवढीच ठरली, की चिखलातून गाडी ओढून काढणारा माणूस पुस्तकात पुढे कुठे राहतो का, की पान उलटताच नाहीसा होतो? सायमनमध्ये तो राहतो. गेव्हाराच्या उत्तरार्धात राहतो. फुल्टनमध्ये हसून निरोप घेतो. मालिकेत हात हलवीत मागे पडतो. आणि पिर्सिगच्या पुस्तकात तो माणूस स्वतःच्या मागच्या बैठकीवर बसलेला असतो, तरी बापाला फार उशिरा दिसतो.

हा अहवाल मी वहिनींना वाचून दाखवला. त्या करंज्यांचे सारण भाजत होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "भावजी, ह्यांना उचलून आणणारे चौघे होते. नावे सांगू?" आणि त्यांनी चारही नावे, बापाच्या नावांसकट आणि वाडीच्या नावांसकट, एका दमात सांगितली. दर दिवाळीला त्या चार घरी फराळाचा डबा जात असे, हे मला माहीत होते. नावे माहीत नव्हती. पुतण्याने तर तीही प्रथमच ऐकली. तो काही बोलला नाही. सांडशी घेऊन त्याने कढई उतरवली.

स्पितीचे अजून ठरलेले नाही. वहिनी एवढेच म्हणाल्या, की या वर्षीचे डबे पोस्टाने नको, तू घेऊन जा. त्या चौघांपैकी दोघे आता नाहीत, पण मुले तिथेच आहेत. रस्ता बहुतेक डांबरी झाला आहे. शेवटचे तीन मैल, म्हणे, अजून तसेच आहेत. नरकचतुर्दशीची अंघोळ झाली की तो निघेल.